रत्नागिरीत बसून देशाचा व्यवहारतोल कसा वाचावा

महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास वाणिज्य मंत्रालय आयात-निर्यातीचे आकडे जाहीर करतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘व्यापार तूट वाढली’ असा मथळा येतो. आमच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तो वाचून हमखास विचारतात, “काकू, दर महिन्याला एवढी तूट, मग देश चालतो कसा?”

मी रत्नागिरीत एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर नोकरी केली. आखातातले पगार, मासळीची निर्यात बिलं, जहाजावरच्या पोरांचे डॉलर, परदेशी शिकायला गेलेल्यांची फी, सगळं त्या टेबलावरून जायचं. देशाच्या व्यवहारतोलाचा, म्हणजे बाहेरच्या जगाशी झालेल्या सगळ्या देण्याघेण्याचा, तक्ता म्हणजे असल्या टेबलांवरच्या कागदांची बेरीज. म्हणून तो वाचायला शिकायचा तर आपल्याच तालुक्यातून कोणता पैसा जातो-येतो ते धरून चालावं, लवकर उमगतं.

आधी कुठला आकडा कधी येतो ते लक्षात ठेवा. मंत्रालयाचा आकडा महिन्याचा आणि मुख्यतः मालाचा. सेवांचा त्यात अंदाज जोडलेला असतो. रिझर्व्ह बँकेचा व्यवहारतोल तिमाहीचा, आणि तिमाही संपल्यावर पूर्वी साधारण तीन महिन्यांनी यायचा, २०२५ पासून दोनेक महिन्यांनी येतो. म्हणजे एप्रिल ते जूनचा हिशेब सप्टेंबरच्या सुरुवातीला हाती पडतो. तिसरा आकडा परकीय चलनसाठ्याचा, तो दर शुक्रवारी, आधीच्या शुक्रवारपर्यंतचा. पेपरवाले हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबतात. तुम्ही वहीत तीन वेगळी पानं करा.

आता रेघ आखायची. व्यवहारतोलात कोणता व्यवहार धरायचा हे नोटेच्या रंगावर ठरत नाही आणि पासपोर्टवरही ठरत नाही. एक बाजू इथली रहिवासी आणि दुसरी बाहेरची रहिवासी असेल, तर तो व्यवहार धरायचा. देवगडची पेटी वाशी मार्केटला गेली, ती निर्यात नव्हे. तीच वाशीहून विमानाने दुबईला गेली की निर्यात. तारकर्लीला आलेल्या जर्मन जोडप्याने सुरमईचं ताट खाल्लं आणि रुपयांत बिल दिलं, तरी ती देशाच्या हिशेबात सेवांची निर्यात, ‘प्रवास’ या रकान्यात. आपल्या डॉक्टरांचा मुलगा ऑस्ट्रेलियात शिकतो, त्याची फी आणि खोलीभाडं ही सेवांची आयात. पाहुणा इथे आला काय किंवा आपला मुलगा तिकडे गेला काय, दोन्ही एकाच रकान्यात, फक्त एक जमेला आणि एक नावे.

रकाने भरायला घेऊ. मालापासून सुरुवात करा, कारण तो डोळ्यांना दिसतो.

कोकणात निर्यात म्हटलं की हापूस आठवतो. फोटो त्याचेच छापून येतात. आकडे वेगळं सांगतात. २०२३-२४ मध्ये सगळ्या देशातून ताजा आंबा गेला सुमारे ३२ हजार टन, किंमत साधारण ६ कोटी डॉलर. त्याच वर्षी सागरी उत्पादनांची निर्यात ७३८ कोटी डॉलर, रुपयांत ६० हजार कोटींच्या वर. आंब्याच्या शंभरपटीहून जास्त. त्यातही किमतीच्या हिशेबात दोन तृतीयांश वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा, आणि ती बहुतेक आंध्रच्या तळ्यांतली. आपल्या बाजूची म्हणाल तर राणी माशाची सुरिमी, माकूळ, बांगडा. राणी मासा घरात फारसा कोणी शिजवत नाही, पण त्याचा धुऊन गोठवलेला लगदा परदेशात जातो आणि डॉलर आणतो. हापूसवर माझं प्रेम कमी नाही. तुटीचा विषय निघाला की मात्र आंब्याचं नाव घेऊ नये.

आता मिरकरवाड्याच्या ट्रॉलरमध्ये डिझेल भरतात ते बघा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. म्हणजे निर्यात झालेल्या मासळीच्या बिलात आयात केलेलं तेल आधीच बसलेलं असतं. निर्यातीचा आकडा वाढला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्या मालाच्या पोटात आयात किती, हा प्रश्न विचारायची सवय लावा.

काजूचं तर फारच स्पष्ट आहे. आपल्याकडची बी मार्च ते मेमध्ये हाती येते. कारखान्यांना बारा महिने काम हवं, आणि देशातल्या कारखान्यांची गरज देशातल्या पिकापेक्षा मोठी. मग आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया इथून कच्ची बी जहाजाने येते. ती आयातीत. सोलून तिचा गर बाहेर गेला तर तो निर्यातीत. गर इथेच मिठाईवाल्याने घेतला तर निर्यातीच्या बाजूला काहीच नाही. बागायतदार म्हणतो परदेशी बी आली की आमचा भाव पडतो, कारखानदार म्हणतो ती नसेल तर बायकांना वर्षभर काम कुठून देऊ. दोघेही खरं बोलतात. हिशेबाच्या वहीला या भांडणाशी देणंघेणं नाही, तिला फक्त बोटीवर काय चढलं आणि काय उतरलं एवढंच कळतं.

जयगडला कोळसा उतरतो, दाभोळला द्रवरूप वायू, दोन्ही आयात. वेंगुर्ल्याकडच्या रेडी बंदरातून लोहखनिज जातं, ती निर्यात.

इथे एक बारकावा आहे, परीक्षेत नाही विचारला तरी समजून घ्या. आपली निर्यात जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीने मोजतात. आयात मात्र भाडं आणि विमा धरून, म्हणजे आपल्या बंदरात पोचल्यावरच्या किमतीने. दोन बाजूंची मापं एक नाहीत. शिवाय मंत्रालयाचे आकडे कस्टमच्या कागदांवरून येतात आणि रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात इतर नोंदीही मिसळतात. त्यामुळे दोन्हीकडची तूट तंतोतंत जुळली नाही म्हणून कोणी चोरी केली असं समजू नका.

मालाचं झालं. आता न दिसणारी बाजू, आणि कोकणाचा खरा मामला इथेच आहे.

खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यातली घरं बघा. कुवेत, सौदी, दुबई, कतार. मुलगा तिथे वर्षाहून जास्त राहून काम करतो, म्हणून तो तिथला रहिवासी धरला जातो आणि घरी पाठवतो ते ‘खासगी हस्तांतरण’. याउलट जहाजावर सहा-नऊ महिन्यांच्या करारावर जाणारा पोरगा. आयकराच्या कागदावर तो अनिवासी असेलही, पण व्यवहारतोलात त्याचं घर इथलंच, म्हणून परदेशी कंपनीने दिलेला त्याचा पगार ‘प्राथमिक उत्पन्ना’त, कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याच्या ओळीत जातो. शेजारशेजारची दोन घरं, दोघांकडे डॉलर, ओळी वेगळ्या.

याहून मजेशीर गोष्ट अनिवासी खात्याची. कुवेतच्या मुलाने पैसे थेट आईच्या खात्यात न टाकता आपल्या एनआरई खात्यात ठेवले, तर तो देशाच्या वित्तीय खात्यात, म्हणजे तक्त्याच्या ठेवी, कर्ज, गुंतवणूक धरणाऱ्या भागात, आलेला पैसा, कारण ती ठेव आहे, उद्या तो तिकडे परत नेऊ शकतो. म्हणजे देशावर ते देणं. पुढे घराला स्लॅब टाकायचा म्हणून त्याच खात्यातून रुपयांत पैसे काढले की त्या दिवशी तेवढी ठेव कमी होते आणि देशाच्या चालू खात्यात, म्हणजे माल, सेवा, उत्पन्न आणि हस्तांतरण धरणाऱ्या भागात, ‘खासगी हस्तांतरण’ म्हणून तेवढीच जमा पडते. त्या दिवशी एकही दिनार सीमा ओलांडत नाही. वाळूवाल्याला चेक मिळतो आणि रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात दोन ओळी हलतात. देशात येणाऱ्या रेमिटन्समध्ये असे इथेच काढलेले पैसेही मोजलेले असतात. अनिवासी ठेवी घटल्या अशी बातमी आली की पैसा पळाला की इथेच खर्च झाला, हे आधी पडताळा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत बाहेरून येणाऱ्या या पैशाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे २० टक्के, महाराष्ट्रात आला होता. केरळ थोडं मागे. त्यात मुंबईच्या बँकांत जमा होणारे पैसे बरेच असणार, तरीही केरळचंच नाव घेणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

जे मोजलं जात नाही तेही सांगते. हवाला. तिकडे मुलाने कोणाच्या तरी हातात रियाल दिले, इकडे दुसऱ्याने घरी रुपये आणून दिले. परकीय चलन तिकडेच राहिलं. पूर्वी त्यातून सोनं घेत आणि ते चोरवाटेने आपल्या खाड्यांतून आत येई. हस्तांतरणाची जमा दिसत नाही, सोन्याची आयातही दिसत नाही. दोन्ही बाजूंनी तेवढंच गायब, म्हणून तोल बिघडलेलासुद्धा कळत नाही. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत अंतर होतं तोवर या धंद्याला बरकत होती. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, मार्च १९९३ पासून डॉलरचा दर एकच झाला, आणि काउंटरवर रांग वाढली. उपदेशाने झालं नसतं ते दराने झालं. तक्त्याच्या तळाशी भूलचूक देणेघेणेची एक ओळ असते, ती फक्त एकाच बाजूने नोंद झालेल्या, न जुळणाऱ्या आकड्यांची सोय लावते; दोन्ही बाजूंनी गायब झालेलं तिथेही दिसत नाही.

आता बेरीज करा. २०२४-२५ चे पहिल्यांदा आलेले आकडे घेऊ, गोल करून. मालाची निर्यात ४३७ अब्ज डॉलर, आयात ७२० अब्ज. तूट २८३ अब्ज. मथळा इथे संपतो. आपण पुढे जायचं. सॉफ्टवेअर आणि बाकीच्या सेवांची निर्यात ३८७ अब्ज; आपण विकत घेतलेल्या सेवा वजा केल्या की १८९ अब्जांच्या आसपास उरतात. बाहेरच्या आपल्या माणसांनी पाठवलेले १३५ अब्ज. त्यातून परदेशी कंपन्यांनी नेलेला नफा, कर्जावरचं व्याज, आणि आपण बाहेर पाठवलेले पैसे वजा करा. शेवटी चालू खात्यावरची तूट उरते सुमारे २३ अब्ज, देशाच्या उत्पन्नाच्या ०.६ टक्के. २८३ वरून २३.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी त्यांच्या आजोबांचं गाव दाखवते. आंबा, काजू, सुपारी आणि थोडी मासळी एवढंच विकणारं, आणि साखर, कांदा, कापड, पत्रे, सगळं बाहेरून आणणारं. मालाच्या हिशेबात ते गाव कायम तोट्यात. तरी दुकानदाराची उधारी गणपतीआधी फिटायची, कारण चाकरमान्याची मनीऑर्डर यायची. देशाचा तक्ता त्या गावासारखा आहे.

पण गावातसुद्धा एखाद्या वर्षी मनीऑर्डर अपुरी पडायची. तेव्हा बघायचं असतं उरलेली फट कशाने बुजवली ते. व्यवहारतोलाचा दुसरा भाग, वित्तीय खातं, याचसाठी. कारखाना उभारायला आलेला पैसा रातोरात जात नाही. शेअर बाजारात आलेला एका फोनवर जातो. अल्प मुदतीचं कर्ज फेडायला लागतं. अनिवासी ठेवी ठेवीदाराचा भरवसा असेल तोवरच टिकतात. तूट किती यापेक्षा ती कोणत्या पैशाने भागवली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि याला कारण १९९०-९१ आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला. आपल्या हिशेबाच्या दोन्ही बाजूंना एकदम फटका बसला. तेल महागलं, म्हणून आयातीचं बिल वाढलं. आणि कुवेतमधली माणसं नोकरी सोडून परतली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानाने आणले गेले, बरेचसे अम्मानमार्गे. त्यात आपल्या बाजूचीही माणसं होती. ज्या घरांतून पैसा यायचा तिथे आता माणूस रिकाम्या बॅगेनिशी उभा. त्यात बाहेरच्या ठेवीदारांनी घाबरून ठेवी काढायला सुरुवात केली. जानेवारी १९९१ मध्ये साठा १.२ अब्ज डॉलरवर आला, दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरता. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत जप्तीतलं २० टन सोनं गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं तारण म्हणून बाहेर पाठवलं, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं. त्या वर्षीची चालू खात्यावरची तूट उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होती. २०१२-१३ मध्ये ती ४.८ टक्के झाली, आकड्याने १९९१ पेक्षा वाईट. रुपया घसरला, सोन्यावरचा आयात कर वाढवला, अनिवासींच्या डॉलर ठेवी खास सवलतीने गोळा केल्या, पण सोनं गहाण टाकावं लागलं नाही. हाताशी साठा होता.

साठा वाचायचाही एक रिवाज आहे. एकूण आकडा घ्या, महिन्याच्या आयातीने भागा. मार्च २०२५ अखेर सुमारे ६६८ अब्ज, महिन्याची आयात ६० अब्ज, म्हणजे अकरा महिने. तीन महिन्यांची आयात भागेल एवढा साठा असावा हा जुना ठोकताळा. मग साठ्याचे चार भाग वेगळे करा: परकीय चलनातली मालमत्ता, सोनं, एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दिलेले चलन काढण्याचे विशेष हक्क) आणि नाणेनिधीकडची राखीव रक्कम. सोन्याचा भाव वाढला की एक डॉलर न कमावता साठा फुगतो. युरो, पौंड वधारले तरी डॉलरमध्ये मोजलेला आकडा वाढतो. ‘या आठवड्यात इतके अब्ज वाढले’ ही बातमी वाचताना आधी सोन्याच्या ओळीकडे बघा.

देशागणिक तुटीवर मी फार वेळ घालवत नाही. २०२४-२५ मध्ये चीनशी सुमारे ९९ अब्जांची तूट आणि अमेरिकेशी ४१ अब्जांची शिल्लक होती. राजकारणाला हे आकडे लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं तेव्हा कोळंबीवाल्यांची झोप उडाली, ते खरंच. पण देशाचा तोल एका गिऱ्हाइकावरून मोजत नाहीत.

रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी, असं सरसकट म्हणतात. दाभोळची आठवण असलेला माणूस म्हणणार नाही. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाशी महाराष्ट्र वीज मंडळाने १९९३ मध्ये करार केला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता. मंडळाने द्यायच्या रकमेचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता, इंधन नाफ्था, त्याचाही भाव डॉलरमध्ये. मंडळाचं गिऱ्हाईक मात्र रुपयांत बिल भरणारं. २००१ मध्ये डॉलर ४७ कडे गेला आणि त्याच वर्षी प्रकल्प बंद पडला. भांडणाची कारणं अनेक होती, वीज महाग पडण्याचं एक मोठं कारण हे. म्हणून कुठल्याही धंद्याबद्दल आधी विचारा: येणं कोणत्या चलनात, देणं कोणत्या चलनात? सुरिमीवाल्याचं येणं डॉलरमध्ये आणि मजुरी, बर्फ, वीज रुपयांत. त्याला घसरण लाभते. काजूवाल्याने बी डॉलरमध्ये घेऊन गर पुण्यात विकला तर तो मार खातो.

शेवटचं काम तुमच्या हातातलं. बाहेरून पैसे आले किंवा पाठवले की बँक कारण विचारते आणि त्याला एक कोड लागतो. अनिवासी मुलाने घरखर्चाला व बचतीला पाठवलेल्या पैशाचा पी१३०१. निर्यातीच्या बिलाचा वेगळा, घरबसल्या परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याचा वेगळा. हल्ली गुहागर-लांज्यातही घरून असं काम करणारी मुलं आहेत आणि त्यांतली कित्येक ‘घरखर्च’ असं सांगून मोकळी होतात, कारण आईच्या वेळी तोच कोड टाकलेला पाहिलेला असतो. मग सेवांची निर्यात हस्तांतरणात जाऊन बसते, आणि उद्या कर्जासाठी किंवा करासाठी निर्यातीचा पुरावा मागितला की धावपळ. पैसे जमा झाल्याची सूचना आली की त्यावरचा कोड वाचा, चुकीचा असेल तर लगेच शाखेत जाऊन बदलून मागा आणि परकीय चलन मिळाल्याचा दाखला त्याच खेपेला घेऊन ठेवा.